‘बॅरल’ची ‘व्हाली’ होताना

गुजरातेत वेरावळ-मांगरोळच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कला पूर्वी ‘बॅरल’ म्हणत. हे नाव शिकारीवरून पडलं. भलामोठा हुक माशाच्या अंगात रुतवायचा आणि दोराला रिकामी पिंपं बांधायची. पिंपं तरंगत राहिली की माशाला खोल बुडी मारता येत नाही. दमला की ओढत किनाऱ्याला. त्याच्या यकृताचं तेल लाकडी होड्यांना चोपडत, म्हणजे लाकडात पाणी मुरत नाही. पुढे १९९० च्या दशकात मांसाला तैवानचं गिऱ्हाईक मिळालं आणि शिकार वाढली.

वन्यजीवांवर माहितीपट बनवणाऱ्या माइक पांडे यांनी हे सारं चित्रित केलं. त्यांचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट २००० साली आला आणि ‘ग्रीन ऑस्कर’ म्हणून ओळखला जाणारा पुरस्कार त्याला मिळाला. मे २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. वाघाच्या पंक्तीत बसलेला हा भारतातला पहिला मासा.

या माशाची शिकार परवडणारी नव्हतीच. बांगडा वर्ष-दोन वर्षांत अंडी घालू लागतो. व्हेल शार्कला वयात यायलाच दोन-तीन दशकं लागतात. १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात तीनशेच्या आसपास पिल्लं निघाली होती. अशी एक मादी किनाऱ्यावर कापली गेली की किती जीव जातात, याचा हिशेब बाजारभावात येत नाही.

पण सगळं श्रेय कॅमेऱ्याला देताना मी जरा अडखळतो. हा मासा पडद्यासाठीच जन्मल्यासारखा आहे: बसपेक्षा लांब, संथ, अंगभर पांढरे ठिपके, आणि एवढं तोंड असून खातो काय, तर प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, माशांची अंडी, बारीक कोळंबी. त्याची कीव येणं सोपं. २००१ च्याच जुलैत सरकारने सगळ्याच शार्क आणि पाकटांना (शार्कचे चपटे भाऊबंद) संरक्षण दिलं, मच्छीमारांनी विरोध केला, आणि डिसेंबरात ती यादी दहा जातींवर आली. आपल्याकडे आमटीत पडणाऱ्या मोरीसाठी, म्हणजे छोट्या शार्कसाठी, कोण रडणार? १९७० नंतरच्या पन्नास वर्षांत खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या जगभरात ७१ टक्क्यांनी घटली. त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला असा कॅमेरा आलेला नाही.

शिवाय दिल्लीत कायदा झाला म्हणून गुजरात किनाऱ्यावरच्या धामळेजच्या होडीवर तो पोचतोच असं नाही. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने गुजरात वनखात्याला आणि टाटा केमिकल्सला सोबत घेऊन मोहीम काढली. रामकथा सांगणाऱ्या मोरारीबापूंनी लोकांना सांगितलं, ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. गावोगावी पथनाट्यं झाली, आणि ‘बॅरल’ची ‘व्हाली’ झाली. व्हाली म्हणजे लाडकी. माहेरवाशिणीला हुक कोण मारणार? या किनाऱ्यावर अगदी लहान पिल्लंही सापडली आहेत, म्हणजे बापूंची उपमा अगदीच हवेतली नव्हती.

ठिपक्यांचं सांगायचं राहिलं. आपल्या बोटांच्या ठशांसारखी प्रत्येक व्हेल शार्कची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. आकाशातले तारकासमूह जुळवण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांनी बनवलेलं गणित संशोधकांनी या ठिपक्यांना लावलं. त्यामुळे पर्यटकाने पाण्याखाली काढलेला साधा फोटोही कामाला येतो: हाच मासा आधी कुठे दिसला होता, ते त्यावरून कळतं.

गुजरातेत तर कॅमेरा आता मच्छीमाराच्याच हातात आहे. व्हाली जाळ्यात अडकली की ते स्वतःचं महागडं जाळं कापून तिला सोडतात, आणि जाळ्याची भरपाई सरकार देतं. पूर्वी खात्री करायला अधिकारी समुद्रात पोचेपर्यंत मासा ताटकळायचा, कधी दगावायचाही. मग मच्छीमारांना पाण्यात चालणारे कॅमेरे वाटले. आता जाळं कापायचं, फोटो काढायचा आणि तो पुरावा म्हणून दाखवायचा. महाराष्ट्रातही २०१८ पासून जाळं कापून संरक्षित जीव सोडणाऱ्याला अशी भरपाई मिळते, आणि इथेही फोटो लागतोच.