भाषा रोमेनियन, ठेका आपल्या डोक्यातला

रोमेनियन गाणी ऐकतो असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "त्यातलं कळतं काय?" आणि कुणी ना कुणी मान डोलावत म्हणणारच, "अहो, संगीताला भाषा नसते." दोन्ही अर्धवट. शब्द कळले नाहीत म्हणून गाणं पोचतच नाही असं नाही आणि सगळंच्या सगळं पोचतं असंही नाही. नेमकं काय पोचतं आणि काय गळतं हे आता बऱ्यापैकी माहीत आहे, आणि ते भारी आहे.

उदाहरण सगळ्यांनी ऐकलेलंच घेऊ. रोमेनियाच्या शेजारच्या, रोमेनियनच बोलणाऱ्या मोल्दोव्हा देशातल्या ओ-झोन या तिघांच्या ग्रुपचं 'द्रागोस्तेआ दिन तेई', तेच ते 'मा-या-ही' वालं. दान बालानने लिहिलेलं हे गाणं २००३ मध्ये रोमेनियात आणि २००४ मध्ये जर्मनी, फ्रान्ससकट अर्ध्या युरोपात पहिल्या नंबरवर, आणि त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेतल्या एका पोराने वेबकॅमसमोर खुर्चीत बसून हात उडवत त्यावर लिपसिंक केलं ते जगभर फिरलं, तेही यूट्यूब नव्हतं तेव्हा. जपान्यांना त्यातल्या 'नु मा नु मा' मध्ये आपल्या भाषेतलं 'पिऊ या, पिऊ या' ऐकू आलं आणि त्यांनी दारू पिणाऱ्या मांजरांचं अ‍ॅनिमेशन केलं! यातल्या बहुतेकांना रोमेनियनचा गंध नव्हता.

सुरुवातीची ती ओळ एकदा नीट ऐका. मा-या-ही, मा-या-हू, मा-या-हो, मा-या-हा. अर्थ शून्य, रोमेनियन माणसालाही शून्य. बदलतो फक्त शेवटचा स्वर: ई, ऊ, ओ, आ. यातले ई, ऊ आणि आ म्हणताना जीभ तोंडातल्या तीन टोकांना जाते, आणि जगातल्या बहुतेक भाषांत हे तीन स्वर कुठल्या ना कुठल्या रूपात असतातच. शिवाय सूर धरायचा तर तो स्वरावर, 'ट' किंवा 'क' लांबवून दाखवा बघू. म्हणजे ही ओळ कोल्हापूरपासून ओसाकापर्यंत कुणालाही पहिल्या फटक्यात गाता येते.

आता माझा आवडता भाग, ठेका. या गाण्यात मिनिटाला साधारण १३० ठोके पडतात, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये अंदाजे ४६० मिलिसेकंद. आपल्याला वाटतं की ठोका पडतो, तो ऐकू येतो आणि मग आपण बोट आपटतो. तसं असतं तर आपण कायम उशिरा पोचलो असतो, कारण अचानक आलेल्या आवाजावर कितीही झटपट बोट हलवा, १५० मिलिसेकंदांच्या आसपास जातातच. प्रत्यक्षात ठेक्याबरोबर बोट आपटायला सांगितलं की बहुतेक लोक ठोक्याच्या आधी आपटतात! साधारण २० ते ८० मिलिसेकंद आधी, तरबेज वादक असेल तर फरक कमी. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला वाटत असतं की आपण बरोब्बर ठोक्यावर आहोत. शंभरहून जास्त वर्षं ही गोष्ट प्रयोगांत दिसतेय. म्हणजे पुढचा ठोका मेंदूने आधीच बांधून ठेवलेला असतो, कान फक्त तो पडला की नाही हे तपासतो.

पण आधी का? एक स्पष्टीकरण असं की बोट टेकल्याची खबर मेंदूपर्यंत पोचायला आवाजाच्या खबरीपेक्षा जास्त वेळ लागतो, कान मेंदूच्या शेजारी आणि बोट हातभर लांब, म्हणून दोन्ही खबरी मेंदूत एकदम पोचाव्यात यासाठी बोट थोडं आधी निघतं. हे खरं असेल तर पायाने ठेका धरल्यावर आणखी आधी पडायला हवं, कारण चेतातंतूंतून संदेश सेकंदाला ५० मीटरच्या आसपास धावतो धरला तर पायापासून दीड मीटर यायला ३० मिलिसेकंद लागतात. आणि पाय खरंच हातापेक्षा आधी पडतो. पण एवढ्याने भागत नाही, कारण दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बारीक आवाज भरले की ही घाई कमी होते, आणि चेतातंतूची लांबी तर तेवढीच राहिलेली असते. म्हणजे रिकामा वेळ मेंदू जरा कमीच मोजतो आणि मधे खुणा मिळाल्या की हिशेब सुधारतो, असं दुसरं स्पष्टीकरण आहे.

आता परत गाण्याकडे. अशा डान्स गाण्यात दर मात्रेवर किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, मधे हाय-हॅट, म्हणजे झांजांचा बारीक आवाज, आणि उरलेल्या फटी भरतात गायकाची अक्षरं. भाषा न येणाऱ्याला ती अक्षरं शब्द म्हणून काही देत नाहीत, पण मधल्या खुणा म्हणून पूर्ण कामाची आहेत, तालवाद्यच म्हणा ना. एमआरआयमध्ये लोकांना अजिबात न हलता ठेका ऐकायला लावला तरी मेंदूतले हालचालीशी संबंधित भाग जागे झालेले दिसतात, खास करून खोल आतला बेसल गँग्लिया. पार्किन्सन्समध्ये बिघडतो तो हाच भाग, आणि त्या पेशंटना ठेका ऐकवला की बऱ्याच जणांची चाल सुधारते ती उगाच नाही.

२०११ मध्ये कॅनडात एक प्रयोग झाला, त्यात आवडतं संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन, म्हणजे आनंदाशी जोडलेलं रसायन, कधी आणि कुठे सुटतं ते मोजलं. ऐन आनंदाच्या क्षणी तर ते सुटलंच, पण 'आता ती जागा येणार' या वाट पाहण्यातही, मेंदूच्या दुसऱ्या भागात, सुटलं. आणि त्यासाठी निवडलेलं संगीत शब्द नसलेलं होतं.

डोपामिन म्हटलं की लगेच ४३२ हर्ट्झवाले येतात. वाद्यं जुळवताना धरतात तो ए हा सूर नेहमीच्या ४४० ऐवजी ४३२ ला लावला की म्हणे पेशी बऱ्या होतात, चक्रं उघडतात. अरे, आपल्याकडे प्रत्येक गवई स्वतःच्या गळ्याप्रमाणे सा धरतो, कुणी काळी एक, कुणी काळी चार. यांचं खरं असतं तर निम्म्या गवयांच्या मैफलीतून लोक आजारी पडून घरी गेले असते.

तर गळतं काय? २०१८ मध्ये एक अभ्यास आला. ६० देशांतल्या लोकांना अनोळखी समाजांतल्या गाण्यांचे १४-१४ सेकंदांचे तुकडे ऐकवले आणि हे गाणं कशासाठी असेल ते विचारलं. नाचाची गाणी आणि अंगाई लोकांनी सहज ओळखली, प्रेमगीतात मात्र गडबडले. ओ-झोनचं गाणं नाच आणि प्रेम, दोन्हीत मोडतं. गाण्यातला तो तिला फोन करतोय, स्वतःला हायदुक, म्हणजे तिकडच्या लोककथांतला दरोडेखोर म्हणवतोय, आणि ती त्याला न घेता निघालीय. नाच आपल्यापर्यंत आला, ती निघालीय हे बुखारेस्टच्या पब्लिकलाच कळलं.

स्वतःवर प्रयोग करायचा असेल तर इना किंवा अलेक्झांड्रा स्टॅनची गाजलेली गाणी नकोत, दोघी रोमेनियाच्या असल्या तरी ती गाणी इंग्रजीत आहेत. ओ-झोनचंच २००२ चं 'देस्प्रे तिने' लावा, आधी बोटाने ठेका धरा, मग पायाने, आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून बघा कोण किती आधी पडतंय. ब्लूटूथ स्पीकर मात्र वापरू नका, तो स्वतःच उशिरा वाजतो.