शाळिग्राम ते राजमहेंद्री: भारतातल्या अपृष्ठवंशीय जीवाश्मांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

सातारा-सांगलीतल्या कितीतरी घरांत एक जीवाश्म असतो, पण तो इथल्या मातीतला नसतो. वाई-मिरजेकडच्या जुन्या देवघरात पूजला जाणारा, कार्तिकात तुळशीच्या लग्नाला वृंदावनाशी येणारा शाळिग्राम नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रातून आलेला असतो. त्यावरचे चक्र म्हणजे ॲमोनाइटचा ठसा. हा आजच्या माकुळाचा दूरचा नातलग. हिमालय उभा राहण्याआधी तिथे जो समुद्र होता, त्यात सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी तो राहत होता. काळ्या शेलच्या, म्हणजे चिखलापासून झालेल्या खडकाच्या थरात त्याच्याभोवती खनिजे साचून गोटा घट्ट झाला. पुढे नदीने तो थरातून सोडवला आणि घासून गुळगुळीत केला. पूजेसाठी तो परिपूर्ण आहे. अभ्यासकाला मात्र त्यातली एक गोष्ट कायमची हरवलेली दिसते: तो नेमका कोणत्या थरातला? भारतातल्या अपृष्ठवंशीय, म्हणजे पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांच्या जीवाश्मांच्या अभ्यासाचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास मोठ्या प्रमाणात याच प्रश्नाभोवती फिरला आहे.

आपल्याकडे समुद्री शिंपले का सापडत नाहीत, हे आधी सांगायला हवे. दोन्ही जिल्हे बेसाल्टवर, म्हणजे लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या पाषाणावर वसले आहेत. मग पाषाणाखाली तरी समुद्री गाळ असेल का? पाटण तालुक्यात गोठणे इथे कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट लागला आणि तो संपताच थेट ग्रॅनाइट-नीस, म्हणजे तळाचा जुना कठीण खडक. मध्ये गाळाच्या खडकाचा थर नाही. म्हणून विहीर खणताना किंवा क्रशरच्या खाणीत ‘शंख-शिंपले’ म्हणून जे दाखवतात, ते बहुतेक वेळा वेगळेच असते. गारगोटीचे गोल दाणे ही लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्यांत भरलेली खनिजे असतात. ‘दगडातली फर्नची पाने’ म्हणजे भेगेत झिरपलेल्या मँगनीजची नक्षी. ‘अंडी’ म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जाणारा झिजलेला बेसाल्ट. ओळखायची एक सोपी खूण आहे. शिंपल्यावरच्या वाढीच्या रेषा कडेला समांतर आणि एकाच टोकाकडून पसरलेल्या असतात. खनिजाच्या दाण्यात वर्तुळे मध्याभोवती असतात आणि फोडल्यावर आतही तशीच दिसतात.

देशातला अभ्यास सुरू झाला तो कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांच्या छंदातून. कॅप्टन ग्रँटने कच्छमधून गोळा केलेले जीवाश्म इंग्लिश अभ्यासक सोवर्बीने 1840 मध्ये वर्णिले. दक्षिणेत के आणि कन्लिफ यांनी पाँडिचेरी, वृद्धाचलम आणि त्रिचनापल्लीकडचे शिंपले-ॲमोनाइट जमवून लंडनला पाठवले. एडवर्ड फोर्ब्जने त्यांचे वर्णन 1846 मध्ये केले. जीवाश्म आले होते ते ठिकाणांच्या नावानिशी. कोणता थर वर, कोणता खाली, याचा पत्ता नव्हता. फोर्ब्जने युरोपातल्या नमुन्यांशी साम्य पाहून पाँडिचेरीचे थर क्रिटेशस काळाच्या (डायनोसॉरांच्या अखेरच्या काळाच्या) खालच्या, म्हणजे आधीच्या भागातले ठरवले. 1890 च्या दशकात कॉस्माटने तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला, तेव्हा ते वरच्या, म्हणजे नंतरच्या भागातले निघाले. कोट्यवधी वर्षांची चूक, आणि तीही अतिशय काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसाची.

1851 मध्ये थॉमस ओल्डहॅमच्या हाताखाली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण उभे राहिले आणि 1861 पासून ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ ही ग्रंथमाला निघू लागली. त्रिचनापल्लीचा प्रदेश हेन्री ब्लॅनफर्डने आधी नकाशावर आणला आणि उटातूर, त्रिचनापल्ली, अरियलूर असे तीन गट पाडले. मग फर्डिनांड स्टोलिच्का आला. मोराव्हियात 1838 मध्ये जन्मलेल्या या माणसाने साधारण दहा वर्षांत दक्षिणेतल्या क्रिटेशस प्राण्यांवर खंडामागून खंड लिहिले. ॲमोनाइट झाले, मग गोगलगायी, मग दोन झडपांचे शिंपले, आणि 1873 पर्यंत ब्रॅकिओपॉड (शिंपल्यांसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले प्राणी), सी-अर्चिन (काटेरी, गोल समुद्री प्राणी), प्रवाळ. आजही अरियलूरला काम करणारा विद्यार्थी आधी हेच खंड उघडतो. मधल्या काळात स्पितीचे सर्वेक्षण, कच्छचे सर्वेक्षण, पक्षी आणि गोगलगायींवरचे लेखन, हे सगळे चालूच होते. मध्य आशियातल्या यारकंदच्या दुसऱ्या मोहिमेवरून परतताना 19 जून 1874 रोजी लडाखमध्ये मुर्गो इथे उंचीवरच्या आजाराने तो गेला. वय 36. त्याची समाधी लेहमध्ये आहे. या विषयाचे एवढे ऋण दुसऱ्या क्वचितच कुणाचे असेल.

कच्छची गोष्ट वेगळी आणि जास्त शिकवणारी आहे. 1873 ते 1875 दरम्यान विल्यम वागेनने तिथल्या जुरासिक, म्हणजे क्रिटेशसच्या आधीच्या काळातल्या ॲमोनाइटांवर मोठे काम प्रसिद्ध केले. पच्छम, चारी, कतरोल, उमिया ही थरांची नावे तेव्हापासूनची. पुढे 1927 ते 1933 या काळात लंडनच्या स्पाथने सगळ्याची फेरतपासणी करून शेकडो जाती मांडल्या. अडचण अशी, की तो काम करत होता संग्रहालयात आलेल्या नमुन्यांवर. एकाच थरातले दोन वेगळ्या आकाराचे ॲमोनाइट त्याच्या दृष्टीने दोन जाती होत्या. 1962-63 मध्ये माकोव्स्की आणि कॅलोमन यांनी वेगवेगळे दाखवून दिले, की ॲमोनाइटांत मोठा आणि छोटा कवचधारी हे बऱ्याचदा एकाच जातीचे नर-मादी असतात. हे ओळखायचे तर दोन्ही एकाच थरात सापडले आहेत का, याची नोंद लागते. ती जुन्या डब्यांत नव्हती. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कच्छचे डोंगर पुन्हा पायाखाली घालावे लागले. 1977 मध्ये बिस्वास यांनी जीवाश्मांवर विसंबून न राहता खडकाच्या स्वरूपावरून झुरिओ, जुमारा, झुरान, भुज अशी नवी मांडणी केली, आणि त्या चौकटीत अभ्यासकांनी थराथराने ॲमोनाइट जमवले.

थराथराने म्हणजे काय, हे सांगणे गरजेचे आहे, कारण नवखे विद्यार्थी इथेच चुकतात. आधी उताराची माती खरवडून ताजा खडक उघडा करायचा. टेप थराला काटकोनात धरायचा. थर कललेला असताना टेप उभा सोडला तर जाडी फुगून येते. प्रत्येक थराला तळापासून क्रमांक द्यायचा. मग नमुने दोन ढिगांत: थरातून स्वतः काढलेले आणि पायथ्याशी घरंगळून आलेले. दुसरा ढीग दिसायला जास्त सुंदर असतो, पण काळ ठरवायला निरुपयोगी. नुसता जीपीएसचा आकडा पुरत नाही, कारण एका कड्यावर दहा थर असले तरी आकडा एकच येतो. क्रमांक नमुन्यावरच पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर पक्क्या शाईने लिहायचा. पिशवीतली चिठ्ठी ओलीने विरते.

माळव्याकडे, नर्मदाखोऱ्यात, दख्खनच्या पाषाणाखाली बाग या गावाच्या नावाने ओळखले जाणारे थर आहेत. 1865 मध्ये डंकनने तिथल्या सी-अर्चिनांवरून त्यांचा काळ क्रिटेशस ठरवला. प्रमथनाथ बोस यांनी 1884 मध्ये थरांची नावे पाडली. त्यातल्या एकाला प्रवाळाचा चुनखडक म्हटले गेले, पण त्यात मुख्यतः ब्रायोझोआ, म्हणजे वसाहत करून राहणारे वेगळेच बारीक प्राणी आहेत. नाव मात्र टिकले. मराठी माणसाचा मोठा हात या थरांना लागला तो ग. वा. चिपळूणकर यांचा. 1930 च्या दशकापासून त्यांनी बागचे सी-अर्चिन आणि शिंपले वर्णिले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, हा अभ्यास पुढे दीर्घकाळ चालला.

नोंदीला किती महत्त्व आहे हे 1989 मध्ये फार वाईट रीतीने कळले. हिमालयातले म्हणून एका भारतीय प्राध्यापकाने अनेक वर्षे प्रसिद्ध केलेले जीवाश्म दुसरीकडचे असल्याचे ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलंट यांनी ‘नेचर’मध्ये मांडले. काही न्यूयॉर्क राज्यातल्या ॲम्सडेल क्रीकचे, काही मोरोक्कोचे आणि बाजारात विकत मिळणारे. जीवाश्म खरे होते, पत्ता खोटा होता. त्यावर रचलेले थरांचे नकाशे आणि काळ पुन्हा तपासण्याचे काम इतरांच्या माथी आले.

आता आपल्या पाषाणाकडे. नागपूरकडे लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमध्ये तळ्यांचा गाळ सापडतो, आणि त्यात गोड्या पाण्यातली गोगलगाय फायसा. सोवर्बीने ती 1840 मध्ये माल्कमसनच्या लेखात वर्णिली. स्टीफन हिस्लॉपने नागपूरहून तिचा आणि सोबतच्यांचा पाठपुरावा केला. ओळखायला सोपी: टोक वर, तोंड आपल्याकडे धरले तर तोंड डाव्या बाजूला येते, बहुतेक गोगलगायींचे उजवीकडे येते. काळ ठरवायला मात्र ती फारशी कामाची नाही. तळी एकमेकांपासून तुटलेली असतात आणि त्यांतले जीव जगभर पसरत नाहीत. दख्खनचा पाषाण क्रिटेशसचा की डायनोसॉर संपल्यानंतरच्या इओसीनचा, हा वाद त्यामुळेच शंभर वर्षे रेंगाळला. घाटात दिसणारा लाल पट्टा तर तळ्याचा गाळही नव्हे. ती प्रवाहांमधल्या काळात झिजलेली आणि वरच्या लाव्ह्याने भाजलेली माती.

उत्तर मिळाले आंध्रात. राजमहेंद्रीला लाव्ह्याचे खालचे आणि वरचे प्रवाह आहेत आणि मध्ये समुद्री गाळ, कालवे आणि टरिटेला ही लांब, टोकदार समुद्री गोगलगाय यांसह. त्यातले एकपेशी फोरामिनिफेरा समुद्रात दूरवर पसरतात, म्हणून त्यांच्यावरून काळ जुळवता येतो. अडचण होती ती आकाराची. डायनोसॉर संपले त्या सीमेनंतरचे पहिले फोरामिनिफेरा अतिशय बारीक. नेहमीच्या 150 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीतून ते सरळ वाहून जातात, 63 मायक्रॉनच्याही खाली, 38 पर्यंतची चाळणी लावावी लागते. चाळणी आधी मिथिलीन ब्लूने रंगवतात, म्हणजे मागच्या नमुन्यातला अडकलेला दाणा निळा दिसतो आणि वगळता येतो. चुनखडक धुऊन सुटत नसेल तर 30 मायक्रॉन जाडीचा काप घासून पाहतात. गेर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवले, की राजमहेंद्रीचा हा मधला गाळ सीमेनंतर लगेचचा, डेनियन काळाच्या आरंभीचा आहे.

रसायन आणि चुंबकत्व पाहून तिथले खालचे प्रवाह आंबेनळी गटाशी आणि वरचे महाबळेश्वर गटाशी जुळतात. हे गट आठशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला, साताऱ्याच्या घाटमाथ्यावर आहेत. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना रस्त्याच्या कडेला जो काळा कातळ हाताशी येतो, त्याच्या वयाची साक्ष राजमहेंद्रीच्या त्या चाळणीत, मिलिमीटरच्या पंधराव्या भागाहून लहान कवचांत सापडली.