‘खापरीले जाते का?’ आणि नकाशावाल्याची अडचण

“भाऊ, हे गाडी खापरीले जाते का?” नागपुरात बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर कुणीही ‘हो’ म्हणून मोकळं होतं. पण आजच्या गणिताचा पाया ज्यात लिहितात, त्या फर्स्ट-ऑर्डर लॉजिकला हा प्रश्न मांडताच येत नाही.

हे लॉजिक म्हणजे नकाशा घेऊन बसलेला माणूस. ‘प्रत्येक स्टेशन’, ‘एखादं स्टेशन’, ‘याच्या पुढचं ते’ एवढ्या शब्दांवर त्याचं चालतं. तिसऱ्या स्टेशनला खापरी येते, हे तो सहज सांगेल. ‘कितीही स्टेशनं लागोत, पण येते’ इथे त्याचं घोडं अडतं.

का? समजा, असं वाक्य सापडलं. त्याला अटी जोडत जाऊ: पहिल्या स्टेशनला खापरी येत नाही, दुसऱ्याला नाही, तिसऱ्यालाही नाही... यातल्या कुठल्याही मोजक्या अटी त्या वाक्यासोबत पाळता येतात. रूळ तेवढे लांब टाकायचे. तर्कशास्त्रज्ञ गोडेलच्या १९३०च्या कामातलं कॉम्पॅक्टनेस प्रमेय म्हणतं, मग सगळ्या अनंत अटीही एकदम पाळता यायलाच हव्यात. म्हणजे खापरी येते, पण कितव्याही स्टेशनला येत नाही! तेव्हा तसं वाक्यच नाही. (एकट्या नागपूर मेट्रोपुरतं लांबलचक वाक्य लिहिता येईल, स्टेशनं मोजकीच आहेत. कुठल्याही जाळ्याला चालेल असं मात्र नाही.)

दुसरं एक लॉजिक आहे, मोडल लॉजिक. ते म्हणजे डब्यातला प्रवासी. नकाशा नाही; ‘पुढच्या एखाद्या’ किंवा ‘पुढच्या प्रत्येक’ स्टेशनवर काय आहे, एवढंच तो बोलतो. पुढे हुबेहूब सारखी दोन स्टेशनं असली, तरी त्याच्या लेखी ते एकच. त्याचं प्रत्येक वाक्य नकाशावाल्याच्या भाषेत उतरवता येतं, उलट नाही. पण या गरिबीचा फायदा आहे: त्याचं वाक्य प्रत्येक जाळ्यात खरं आहे का, हे संगणक नक्की ठरवू शकतो. नकाशावाल्याच्या बाबतीत तशी रीतच नाही, हे गणिती चर्च आणि ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलं. मला हा सौदा स्वस्तात पडला असं वाटतं.

आता प्रवाशाला एकच शब्द जास्तीचा द्या: ‘कधी ना कधी’. लगेच तो खापरीचा प्रश्न विचारतो आणि नकाशावाला बघत राहतो! संगणकशास्त्रज्ञ अमीर पन्युएली यांनी १९७७ मध्ये काळाचं असं लॉजिक प्रोग्रॅम तपासायला वापरलं. विनंती आली की कधी ना कधी उत्तर मिळतंच ना, हे बघायला.

तर्कशास्त्रज्ञ हान्स काम्प यांनी मात्र १९६८ मध्येच दाखवलं होतं, की क्षण १, २, ३ या आकड्यांसारखे एका ओळीत असले तर ‘पर्यंत’ आणि ‘पासून’ एवढ्या दोन शब्दांवर प्रवासी नकाशावाल्याच्या तोडीस तोड होतो. फक्त तिथे ‘आधी-नंतर’ हे नातं नकाशावाल्याला आयतं मिळालेलं असतं. खापरीच्या प्रश्नात नेमकं तेच तर विचारलं होतं.