डॉ. ग्रेस: पेनिसिलिनच्या आधीचा डॉक्टर

एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस म्हटलं की आपल्याला आठवते ती छातीभर दाढी आणि सव्वाशेच्या आसपास शतकं. इंग्लंडात मात्र त्याला कौतुकानं 'द डॉक्टर' म्हणत, आणि तो खरोखरच डॉक्टर होता. वडीलही डॉक्टर, मोठे भाऊही डॉक्टर. पदवीला मात्र पठ्ठ्यानं अकरा वर्षं लावली! १८६८ मध्ये ब्रिस्टलच्या मेडिकल स्कूलमध्ये नाव घातलं. १८७१ च्या एका मोसमात २,७३९ धावा कुटल्या. १८७६ मध्ये आठेक दिवसांत ३४४, १७७ आणि नाबाद ३१८ केल्या. आणि परीक्षा सुटली ती नोव्हेंबर १८७९ मध्ये. दवाखाना थाटण्यासाठी चाहत्यांनी जमवलेले १,४०० हून अधिक पौंड त्याच्या हातात आधीच, जुलैत पडले होते. कागदोपत्री तो हौशी खेळाडू, म्हणजे खेळाचे पैसे न घेणारा. असो.

त्यानं ब्रिस्टलच्या कष्टकरी वस्तीत दवाखाना टाकला. गोरगरिबांवर उपचार करायचे आणि देवी टोचायच्या, हे त्याचं नेमून दिलेलं काम. उन्हाळ्यात तो मैदानावर असे, तेव्हा बदली डॉक्टर दवाखाना सांभाळी. देवीची लस ज्यानं शोधली तो एडवर्ड जेन्नरही ग्रेसच्याच ग्लॉस्टरशायर परगण्याचा. पण ती लस सोडली, तर जंतुसंसर्गावर खात्रीचा इलाज त्या काळच्या डॉक्टरकडे जवळजवळ नव्हताच.

ग्रेसला स्वतःला पोरवयात न्यूमोनिया झाला होता, त्यातून तो वाचला. धाकटा भाऊ फ्रेड वाचला नाही. सप्टेंबर १८८० मध्ये ओव्हलवर तिघे ग्रेस बंधू ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकत्र खेळले. डब्ल्यू. जी.नं १५२ धावा केल्या, इंग्लंडतर्फे पहिलं कसोटी शतक. फ्रेड दोन्ही डावांत शून्यावर गेला, पण बॉनरनं मारलेला चेंडू त्यानं असा झेलला की तो खाली येईतो फलंदाज तिसऱ्या धावेसाठी वळले होते. दोन आठवड्यांनी फ्रेड न्यूमोनियानं गेला. वय २९. या आजाराचा मुख्य जंतू पुढच्याच वर्षी पाश्चर आणि स्टर्नबर्ग यांनी वेगवेगळा शोधून काढला. पण त्याचं न्यूमोनियाशी नातं कळायला आणखी काही वर्षं लागली, आणि औषधाला तर अर्धं शतक.

जिथे नुसत्या हातांनी काम भागे, तिथे मात्र ग्रेस पक्का होता. १८८७ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ग्रेसच्याच ग्लॉस्टरशायर संघातला क्रूम चेंडूमागे धावताना कुंपणावर आदळला आणि रेलिंगचं टोक त्याच्या गळ्यात घुसलं. टाके घालायचं सामान येईपर्यंत, जवळजवळ अर्धा तास, ग्रेसनं जखमेच्या कडा बोटांत घट्ट धरून ठेवल्या. हे दिसतं तितकं सोपं नाही. दाबामुळे रक्ताचा वेग मंदावतो, रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) फाटलेल्या जागी चिकटतात आणि त्यांच्यावर फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं. पहिली काही मिनिटं हे जाळं फार कच्चं असतं. बोट जरा हललं की निसटतं आणि पुन्हा रक्त सुरू. दिवसभर गोलंदाजी करणाऱ्या माणसाचा हात इतका वेळ स्थिर राहिला, याचं मला शतकांहून जास्त नवल वाटतं. क्रूम जगला आणि पुढे 'द टाइम्स'मध्ये क्रिकेटवर लिहू लागला.

घरात मात्र ग्रेसच्या हाती काही उरलं नाही. १८९९ मध्ये मुलगी बेसी विषमज्वरानं गेली, विशीत. त्याच साली त्यानं दवाखाना बंद केला आणि लंडनला मुक्काम हलवला. १९०५ मध्ये थोरला मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्यात दगावला. तीनच वर्षांपूर्वी राजा सातव्या एडवर्डला ऐन राज्याभिषेकाच्या तोंडावर हेच दुखणं झालं होतं. सर्जन ट्रीव्ह्जनं गळवातला पू काढून दिला, अपेंडिक्सला हातही लावला नाही, आणि राजा वाचला. पू एका जागी कोंडलेला असला तर असं जमे. तो पोटभर पसरला, की सर्जनही हतबल.

ग्रेस १९१५ मध्ये गेला. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, ते रुग्णांपर्यंत पोचलं १९४० च्या दशकात. विषमज्वरावर क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक लागू पडतं हे दिसलं १९४८ मध्ये, ग्रेसच्या जन्माला शंभर वर्षं झाली त्या साली.