एक गोळी, सव्वाशे टँकर आणि वैशाखातली पांझरा

वैशाखात धुळ्याच्या पुलावरून खाली पाहिलं की पांझरेत दगड दिसतात आणि त्यांच्यामधून वाट काढणारी एक काळपट धार. धरणाचं आवर्तन सुटलेलं नसेल तर ती धार बहुतेक शहराच्या गटारांचीच असते. सांडपाण्यातल्या औषधांमुळे नदीतल्या जिवांना किती धोका, हे मोजण्याची रीत बारमाही नद्यांच्या देशांत घडली. ती आपल्याकडे आणताना ही धार विसरून चालणार नाही.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची आजची मुख्य पद्धत १९१४ची, मँचेस्टरची. गाळात हवा सोडायची, म्हणजे त्यातले जिवाणू मैला खातात. पुढे मापंही त्याच कामाची ठरली: बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, आणि तरंगणारे कण. औषधांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. १९७७मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या प्रक्रिया केलेल्या पाण्यात क्लोफिब्रिक आम्ल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या औषधाचा अवशेष, सापडल्याचं प्रसिद्ध झालं. तरी विषय बरीच वर्षं पडूनच राहिला. नव्वदच्या दशकात तोच अवशेष बर्लिनच्या नळाच्या पाण्यात मिळाला, तेव्हा जर्मनीत कसून तपासण्या सुरू झाल्या. १९९८च्या एका जर्मन अभ्यासात फिट्सवरचं कार्बामाझेपिन केंद्रातून जेमतेम ७ टक्के कमी होताना दिसलं. बाकीचं तसंच नदीत.

पण औषध सापडलं म्हणजे अपाय झाला, असं नाही. तो पुरावा कॅनडातल्या एका तळ्याने दिला. गर्भनिरोधक गोळ्यांतलं इस्ट्रोजेन तिथे तीन उन्हाळे सोडलं, लिटरला फक्त ५-६ नॅनोग्रॅम. नर माशांत मादीची लक्षणं आली आणि एका छोट्या माशाची संख्या जवळपास संपली. हे २००७मध्ये छापून आलं. त्याच वर्षी हैदराबादजवळच्या पाटनचेरूची बातमी जगभर गेली: सुमारे ९० औषध कारखान्यांचं पाणी घेणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलीग्रॅमपर्यंत होतं. त्याआधी २००४मध्ये गिधाडांच्या मरणाचं कारण डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध असल्याचं सिद्ध झालं होतं. ती वाट सांडपाण्याची नव्हती, मेलेल्या जनावरांची होती. पण माणसाला आणि गुरांना बरं करणारं औषध तिसऱ्याच जिवाला मारतं, हे आपल्याला गिधाडांनी शिकवलं.

जोखीम काढायची रीत मुळात एक भागाकार आहे. पाण्यात औषध किती, भागिले किती पातळीपर्यंत अपाय होणार नाही. उत्तर १च्या वर गेलं की काळजी. खालचा आकडा शेवाळ, डाफ्निया नावाची पाणपिसू आणि मासे यांच्यावरच्या चाचण्यांतून येतो, आणि खात्री कमी असेल तितका तो १०, १०० किंवा १००० पटींनी आणखी खाली आणतात. डायक्लोफिनॅकसाठी युरोपीय आयोगाने २०२२मध्ये लिटरला ०.०४ मायक्रोग्रॅम ही पातळी सुचवली. कापूस वेचून कंबर धरली की घेतात ती ५० मिलीग्रॅमची गोळी घ्या. मुदत संपली म्हणून ती मोरीत टाकली, तर ती या पातळीवर आणायला साडेबारा लाख लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे सव्वाशे टँकर!

खरी अडचण भागाकाराच्या वरच्या आकड्यात आहे. युरोपीय औषध संस्थेच्या २००६च्या मार्गदर्शिकेत सांडपाणी नदीत गेल्यावर दहापट पातळ होतं असं धरलं आहे. समजा, केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात डायक्लोफिनॅक लिटरला ०.२ मायक्रोग्रॅम आहे. दहापट पातळ झालं तर उत्तर ०.५, म्हणजे निर्धास्त. पांझरेत पातळ करायला पाणीच नसेल तर तेच उत्तर ५. शिवाय डाफ्नियाच्या चाचण्या २० अंशांच्या आसपास होतात. मे महिन्यात इथली हवाच ४४-४५ला जाते. म्हणून माझ्या मते इथला नमुना मे महिन्यात घ्यायला हवा आणि सांडपाणी पातळ होतं असं धरूच नये. पांझरेचं पाणी तापीला मिळतं आणि पुढे सारंगखेडा, प्रकाशाच्या बॅरेजमध्ये अडतं. मोजणी तिथेही हवी.

जानेवारी २०२०मध्ये केंद्र सरकारने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकच्या मर्यादांचा मसुदा काढला. २०२१च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा नव्हत्या. आणि मसुदाही कारखान्यांपुरताच होता. घराघरांतून पांझरेत उतरणाऱ्या पाण्याशी त्याचा संबंध नव्हता.