परराष्ट्र धोरणामुळे बॉम्बस्फोट होतात का?

७ जुलै २००५ ला सकाळी लंडनमध्ये चार पोरांनी स्वतःला उडवून दिलं, तिघांनी ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आणि चौथ्याने टॅविस्टॉक स्क्वेअरला डबल डेकर बसमध्ये. ५२ निष्पाप माणसं गेली, सातशेच्या वर जखमी झाली. त्यांचा म्होरक्या मोहम्मद सिद्दीक खान, वय ३०, लीड्समध्ये वाढलेला, शाळेत मुलांना मदतनीस म्हणून काम केलेला. त्याने आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला व्हिडिओ सप्टेंबरमध्ये अल जझीराने दाखवला, त्यात तो ब्रिटिश जनतेला सांगतो की तुम्ही निवडून दिलेली सरकारं जगभर माझ्या लोकांवर अत्याचार करतायत म्हणून हे. मग वाद पेटला. इराक युद्धाचे विरोधक म्हणाले सैन्य पाठवलंत त्याचं हे फळ, आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर म्हणाले की ९/११ तर इराकच्या आधी झालं, मग इराकचा काय संबंध?

मला हे दोन्ही पटत नाही. इथे खरं तर दोन प्रश्न आहेत, हल्ल्याचा धोका कशाने वाढला हा एक आणि गुन्हेगार कोण हा दुसरा. पहिल्याचं उत्तर डेटा बघून शोधता येतं, दुसऱ्याचं तसं नाही.

शिकागो युनिव्हर्सिटीच्या रॉबर्ट पेप यांनी १९८० ते २००३ मधले ३१५ आत्मघाती हल्ले गोळा करून सांगितलं की मूळ कारण धर्म नाही, परक्या सैन्याचा कब्जा हे आहे, आणि त्या यादीत सगळ्यात वर श्रीलंकेतली एलटीटीई होती जी धार्मिक संघटना नव्हतीच. हे खूप गाजलं. पण २००८ मध्ये काही राज्यशास्त्रज्ञांनी यातली मेख दाखवली, की तुम्ही फक्त हल्ले झालेल्याच केसेस बघितल्या. कॅन्सर झालेल्या शंभर जणांना विचारा चहा पिता का, जवळजवळ सगळे हो म्हणतील, त्यावरून चहाने कॅन्सर होतो असं ठरत नाही कारण कॅन्सर न झालेलेही चहा पितातच. म्हणजे जिथे परकं सैन्य होतं पण आत्मघाती हल्ले झाले नाहीत, त्या जागाही मोजायला हव्यात.

मग तुलना करून बघू. जर्मनी इराक युद्धात गेला नाही, तरी जुलै २००६ मध्ये कोलोनहून निघालेल्या दोन ट्रेनमध्ये सूटकेस बॉम्ब ठेवले गेले, नशिबाने फुटले नाहीत, आणि तिथे राग वृत्तपत्रांत छापलेल्या प्रेषित मोहम्मदांच्या व्यंगचित्रांचा होता. इंडोनेशियात बालीच्या बॉम्बस्फोटांत २०२ लोक मारले गेले ते ऑक्टोबर २००२ ला, इराक युद्ध सुरू व्हायच्या पाच महिने आधी. म्हणजे इराकशिवायही हल्ले होतात. उलट बाजूने, १५ फेब्रुवारी २००३ ला लंडनच्या रस्त्यावर युद्धाविरुद्ध लाखो लोक उतरले, पोलिसांचा आकडाच साडेसात लाखांचा होता, त्यातल्या लाखोंनी राग काढला तो घोषणा देऊन, मत देऊन.

राग लाखोंना आणि बॉम्ब चौघांकडे, हे कसं? याचं उत्तर बरंचसं ओळखीपाळखीत सापडतं. मानसोपचारतज्ज्ञ मार्क सेजमन यांनी १७२ जिहादींची माहिती तपासली तर बहुतेक जण मित्र किंवा नातेवाइकांमधूनच आत ओढले गेलेले. खानच्या टोळीतले तिघं लीड्सच्याच परिसरातले, आणि तो स्वतः एका साथीदाराला घेऊन नोव्हेंबर २००४ मध्ये पाकिस्तानात जाऊन आला होता. (आपला २६/११ यात बसत नाही, तिथे माणसं, ट्रेनिंग, फोनवरच्या सूचना सगळं सीमेपलीकडून, तो विषयच वेगळा.)

पण म्हणून धोरणाचा वाटा शून्य होत नाही! ब्लेअर म्हणाले तसं ९/११ आधी झालं, पण यावरून एवढंच कळतं की इतर वाटाही आहेत, आणि तसं बघितलं तर बिन लादेनच्या १९९६ आणि १९९८ च्या जाहीरनाम्यांत सौदीतल्या अमेरिकन सैन्याचाच राग भरलेला आहे.

स्पेनची गोष्ट तर दोन्ही बाजूंना अडचणीची. ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या लोकल ट्रेन्समध्ये स्फोट होऊन १९० हून जास्त लोक गेले, तीन दिवसांनी निवडणूक झाली, इराकमधून सैन्य परत आणू म्हणणारे सापातेरो जिंकले आणि त्यांनी तो शब्द लगेच पुन्हा दिलाही. तरी २ एप्रिलला तोलेदोजवळ हायस्पीड रेल्वेच्या रुळांखाली बॉम्ब सापडलाच. एकदा टोळी उभी राहिली की धोरण बदललं म्हणून ती घरी जात नाही.

खून करणाऱ्यांचा दोष पूर्णच्या पूर्ण खून करणाऱ्यांचाच, त्यात मला तिळभर शंका नाही. सरकारकडे मागायचा जाब वेगळा आहे. ब्रिटनच्या जॉइंट इंटेलिजन्स कमिटीने, म्हणजे सरकारला गुप्तचर अहवाल देणाऱ्या समितीने, फेब्रुवारी २००३ मध्येच लिहून दिलं होतं की इराकवर कारवाई केली तर अल कायदाचा धोका वाढेल, आणि हे त्याच वर्षी संसदीय समितीच्या रिपोर्टमधून बाहेरही आलं. २०१० मध्ये एमआय-५ या ब्रिटनच्या देशांतर्गत गुप्तचर संस्थेच्या माजी प्रमुख एलिझा मॅनिंगहॅम-बुलर यांनी इराक युद्धाच्या चिलकॉट चौकशीपुढे सांगितलं की इराकमुळे एका पिढीतले काही तरुण कट्टरतेकडे वळले. धोका वाढणार हे माहीत असून एखादं सरकार युद्धाचा निर्णय घेऊ शकतं, तो त्यांचा अधिकार, पण मग रोज ट्यूबने कामाला जाणाऱ्या माणसाला तसं तोंडावर सांगायला हवं होतं.