सगळ्या चाचण्यांत पहिला येणारा रेणू

हळदीच्या गोळ्यांच्या एका बाटलीवरची यादी परवा वाचत होतो. सांधेदुखी, मधुमेह, विसरभोळेपणा, नैराश्य, केसगळती आणि शेवटी कर्करोग. त्याखाली ‘संशोधनाने सिद्ध’. गंमत अशी की हे शेवटचे दोन शब्द अगदीच हवेतले नाहीत. हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिन या रेणूवर हजारो शोधनिबंध निघालेत आणि प्रयोगशाळेत तो जवळजवळ प्रत्येक आजाराच्या चाचणीत चमकलाय. खरी अडचण तिथेच सुरू होते.

सर्व रोगांवर एकच औषध ही हौस तशी जुनीच. रोमन सम्राट नीरोच्या दरबारी वैद्याचं थेरियाक नावाचं औषध घ्या. त्यात ६४ घटक, त्यांत सापाचं मांससुद्धा, आणि तरी ते युरोपातल्या औषधकोशांत पार एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून होतं. जिनसेंगचं शास्त्रीय नाव पॅनाक्स, म्हणजे ग्रीकमध्ये ‘सगळं बरं करणारं’. आपल्याकडे संजीवनी, अमृत, रामबाण आहेतच. आता अमृत म्हटलं तर लोक हसतील, म्हणून ‘मल्टी-टार्गेट’, म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणी नेम धरणारं, म्हणतात.

नवं औषध शोधताना काय करतात ते आधी पाहू. आजाराशी संबंधित एखादं प्रथिन, बहुधा एखादं विकर (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारं एन्झाइम), प्लास्टिकच्या ताटलीतल्या शेकडो बारीक खळग्यांत घालतात. प्रत्येक खळग्यात वेगळा रेणू टाकतात. विकर काम करत असेल तर रंग बदलतो किंवा प्रकाश पडतो, आणि यंत्र तो मोजतं. प्रकाश मंदावला की समजायचं, या रेणूनं विकर अडवलं. हे सगळं यंत्रमानव करतात, त्यामुळे लाखभर रेणूसुद्धा तपासून होतात.

आता या खळग्यात कर्क्युमिन टाका. पहिली भानगड प्रकाशाचीच. कर्क्युमिन निळा-जांभळा प्रकाश शोषतं आणि हिरवट प्रकाश बाहेर टाकतं. घरी बघायचं असेल तर थोड्या स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि अंधारात त्यावर नोटा तपासायची अतिनील टॉर्च मारा. द्रव हिरवापिवळा उजळतो. म्हणजे जो प्रकाश मोजून निकाल लावायचा, त्यातच हे महाशय भर घालतात किंवा त्यातला थोडा गिळून टाकतात.

दुसरी भानगड मला सगळ्यात आवडते. कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही. विशिष्ट प्रमाणाच्या वर गेलं की त्याचे रेणू एकमेकांना बिलगून कण बनवतात. एकेक कण मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाहूनही लहान, पण प्रथिनाच्या एका रेणूपुढे अजस्र. गुळाच्या ढेपेला माश्या लागाव्यात तशी विकरं या कणांना चिकटतात, त्यांची घडी थोडी उसवते आणि त्यांचं काम थांबतं. यंत्र नोंद करतं: विकर अडलं! पण इथे कर्क्युमिननं त्या विकराची नेमकी खाच शोधून तिच्यात बसायचं काही कामच केलेलं नाही. दुसरं कुठलंही विकर असतं तरी तेच झालं असतं. हे पकडायची युक्ती फार सुंदर आहे: खळग्यात साबणासारख्या द्रव्याचा अगदी किंचित अंश घालायचा. कण फुटतात, विकर सुटतं आणि ‘औषधी गुण’ गायब होतो. खाचेत नीट बसणाऱ्या खऱ्या औषधावर या साबणाचा सहसा परिणाम होत नाही.

तिसरी गोष्ट जरा रसायनाची आहे. कर्क्युमिनच्या दोन टोकांना दोन वलयं, आणि मधल्या साखळीत कार्बोनिल गटाला (कार्बन-ऑक्सिजनच्या जोडीला) लागून दुहेरी बंध. या जागी इलेक्ट्रॉनची ओढ असते, म्हणून प्रथिनांमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाचा गंधकयुक्त गट तिथे जाऊन जोडला जाऊ शकतो. शिवाय मधले दोन ऑक्सिजन मिळून लोह, तांबं असे धातू धरून ठेवतात. धातूवर चालणारं विकर असेल तर तेही बंद.

असल्या रेणूंना रसायनतज्ज्ञांनी एक शब्द दिलाय. ऑस्ट्रेलियातल्या जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे यांनी २०१० मध्ये ‘सगळ्या चाचण्यांत लुडबुड करणारी संयुगं’ ओळखायच्या खुणा मांडल्या. इंग्रजी आद्याक्षरांनी त्यांचं नाव झालं ‘पेन्स’. बाटलीवाल्याला जी लांबलचक यादी म्हणजे गुण वाटते, ती पाहून या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात.

बरं, चाचणी सोडा, पोटात गेल्यावर? हळदीत वजनाच्या जेमतेम ३ टक्के कर्क्युमिन. त्यातलं आतड्यातून रक्तात फार थोडं जातं, आणि जातं त्याला आतडं आणि यकृत लगेच साखरेसारख्या गटांची शेपटी जोडून बाहेरची वाट दाखवतात. रेणूही नाजूक. हळदीचा डाग उन्हात टाकलेल्या कपड्यावरून उडतो ना, तो प्रकाशानं रेणू मोडल्यामुळे. रक्ताइतक्या आम्लतेच्या साध्या क्षारद्रावणात, ३७ अंशाला, अंधारातसुद्धा अर्ध्या तासात त्यातलं सुमारे ९० टक्के कर्क्युमिन नष्ट होतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी माणसांवरच्या १२० हून अधिक चाचण्यांचा हिशेब मांडला. प्लासिबोशी (औषध नसलेल्या बनावट गोळीशी) तुलना करणारी, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही अंधारात ठेवून केलेली एकही चाचणी त्यांना यशस्वी म्हणण्याजोगी वाटली नाही. या निष्कर्षावर वाद झाले. गुडघेदुखीच्या काही छोट्या चाचण्यांत थोडा आराम दिसलाय, हेही खरं. पण ‘गुडघ्याला थोडा आराम’ कुठे आणि ती बाटलीवरची यादी कुठे!

इथे हमखास कोणीतरी पेटंटचं काढतं. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. अभिमान जरूर वाटावा. पण ते रद्द झालं, कारण ही गोष्ट नवी नव्हती. जुने ग्रंथ आणि १९५३ चा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुरावा म्हणून दाखवता आला. हळदीनं जखम किती भरते, हा प्रश्न त्या वादात नव्हताच.

कर्क्युमिन रक्तात उतरत नाही म्हटल्यावर गोळीवाल्यांनी त्यात मिरीतलं पिपरीन घातलं. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की पिपरीनमुळे माणसाच्या रक्तातलं कर्क्युमिन कितीतरी पटींनी वाढतं. पिपरीन हे यकृताचं बाहेर टाकण्याचं काम अडवून साधतं, आणि ते फक्त कर्क्युमिनपुरतं थांबत नाही; काही इतर औषधंही मग रक्तात जास्त वेळ रेंगाळतात. २०१९ मध्ये इटलीत अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृतदाहाचे रुग्ण आढळले. अमेरिकेतही १० रुग्णांची तपशीलवार नोंद झाली, त्यातला एक दगावला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकप्रकार होता. म्हणजे धोका सगळ्यांना सारखा नाही, पण आपण त्या गटात आहोत का, हे आधी कळत नाही. भाजी-आमटीतल्या हळदीचा या प्रकाराशी संबंध नाही. मात्र डॉक्टरांनी ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ विचारलं की लोक रक्तदाबाची सांगतात, साखरेची सांगतात आणि हळदीची गाळतात, कारण तिला औषध म्हणून कोणी मोजतच नाही.